उभ्या मोटारीचा हिवाळा

यंत्र चालले म्हणजे झिजते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. यंत्र नुसते उभे राहिले तरीही झिजते, याचा मात्र सहसा विसर पडतो. उपसा असलेल्या विहिरीचे पाणी निर्मळ राहते आणि पडीक विहिरीत शेवाळ माजते. मोटारीची गोष्टही याहून फारशी निराळी नाही. इंग्लंडात जुन्या स्पोर्ट्स मोटारी हौसेने बाळगणाऱ्यांना या प्रश्नाला दर वर्षी तोंड द्यावे लागते. ऑक्टोबर सरता सरता या गाड्या आडोशाला जातात, त्या थेट मार्च-एप्रिलपर्यंत बाहेर निघत नाहीत.

उदाहरणादाखल एमजीबी ही गाडी घेता येईल. ॲबिंग्डन येथील कारखान्यात 1962 साली ती प्रथम तयार झाली आणि 1980 साली तिचे उत्पादन थांबले. या काळात पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. बुटकी, दोन माणसांची, कापडी टपाची, 1798 घनसेंटिमीटरच्या इंजिनाची ही गाडी. पूर्वीच्या मोटारींना खाली स्वतंत्र लोखंडी सांगाडा असे आणि वर पत्र्याची पेटी बसवलेली असे. एमजीबीला असा सांगाडा नाही. तिचा सारा भार पत्र्याच्या पेटीवरच, विशेषतः दारांखालून जाणाऱ्या पोकळ पट्ट्यांवर असतो. या पट्ट्या आतून कुजल्या की गाडी मध्येच खचू लागते. दारे नीट लागेनाशी होतात. इंजिन बदलता येते, चाके बदलता येतात. पण पेटी गेली म्हणजे गाडीच गेली. 1988 पासून जुन्याच साच्यांवर या गाडीच्या नव्या पेट्या इंग्लंडात पुन्हा घडवल्या जाऊ लागल्या, यावरूनच गंजाने किती गाड्या गिळल्या असतील याची कल्पना येते.

गाडी हिवाळ्यात ठेवून द्यावयाची ती थंडीला भिऊन नव्हे. खरा वैरी आहे ओलावा, आणि त्याचा साथीदार मीठ. बर्फ धरू नये म्हणून तेथील रस्त्यांवर खाणीतले खडेमीठ पसरतात. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो आणि रस्ता सुरक्षित होतो. परंतु तेच खारे पाणी चाकांनी उडून पत्र्याच्या सांदीकोपऱ्यांत बसते आणि लोखंडाचे गंजणे कित्येक पटींनी वाढवते. म्हणून पहिले काम स्नानाचे. गाडी वरून चकचकीत करण्यापेक्षा तिचा तळ, चाकांच्या कमानी आणि पट्ट्यांच्या खालची पाणी निथळण्याची भोके साफ करणे अधिक अगत्याचे. धुतल्यानंतर कोरड्या दिवशी गाडी वीस-पंचवीस मैल चालवून आणावी, म्हणजे सांदीतले पाणी वाळते. ओली गाडी आत ठेवणे म्हणजे चोराला घरात घेऊन दार लावून घेण्यासारखे आहे.

दुसरे काम वंगणाचे. पुष्कळांचा हिशेब असा, की तेल वसंतात बदलावे, म्हणजे नव्या हंगामाला नवे तेल. हा हिशेब उलटा आहे. वापरलेल्या तेलात जळणातून आलेली आम्ले आणि पाणी मिसळलेले असते. ते पाच महिने बेअरिंगांना चिकटून राहिले तर त्यांना खाऊ लागते. म्हणून तेल आधीच बदलावे, आणि तेही इंजिन गरम असताना, म्हणजे गाळ तेलाबरोबर वाहून जातो. रेडिएटरचे पाणीही तितकेच महत्त्वाचे. पाणी गोठले की सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि बिडाचा ठोकळासुद्धा फोडते. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण शून्याखाली तीस अंशांपर्यंतही गोठत नाही. शिवाय त्यातील द्रव्ये आतल्या धातूला गंजापासून जपतात.

पेट्रोलच्या बाबतीत अलीकडे एक नवी अडचण उभी राहिली आहे. सप्टेंबर 2021 पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना बाधते. म्हणून जाणकार लोक कमी इथेनॉलचे उंची पेट्रोल भरतात, त्यात ते टिकवणारे द्रव्य घालतात आणि टाकी काठोकाठ भरतात. रिकाम्या टाकीतल्या हवेबरोबर ओलावा आत येतो; भरल्या टाकीत त्याला जागाच उरत नाही.

बॅटरीची गोष्ट वेगळी. एमजीबीच्या पूर्वीच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या पाठीमागे, फरशीखाली ठेवलेल्या असतात. त्या सहज दिसत नाहीत, म्हणून सहज विसरल्या जातात. पूर्ण भारलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही तग धरते; उतरलेल्या बॅटरीतले पाणी मात्र साध्या हिमातही गोठते आणि तिचे कवच फुटते. तेव्हा ती काढून घरात ठेवावी आणि अधूनमधून भारावी.

टायरांत नेहमीपेक्षा थोडी अधिक हवा भरावी, म्हणजे एकाच जागी भार पडून ते चपटे होत नाहीत. हातब्रेक ओढून ठेवू नये. मागच्या चाकांतले ब्रेक ड्रमला चिकटून बसतात. त्याऐवजी चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. कापडी टप दुमडून न ठेवता चढवून ठेवावा, नाहीतर घड्यांत बुरशी धरते. वर पांघरूण घालायचे ते सुती. प्लॅस्टिक घातले तर ओलावा आतच कोंडतो. धुराड्याच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला म्हणजे उंदरांचा संसार आत थाटला जात नाही. मात्र त्या बोळ्याची आठवण देणारी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवावी.

एवढी व्यवस्था झाल्यावर एक मोह आवरावा लागतो, आणि तोच सर्वांत कठीण. पंधरवड्याने एखाद्या रविवारी मालकाला वाटते, गाडी पाच मिनिटे सुरू करावी. बिचारी बरी राहील. ही माया गाडीच्या मुळावर येते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले तर हे पाणी वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांत ते तापत नाही. मग तेच पाणी धुराड्यात आणि तेलात साचते आणि जो गंज टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच आमंत्रण मिळते. चालवायची तर चांगला तासभर, कोरड्या आणि बिनमिठाच्या रस्त्यावर. नाहीतर तिला हातच लावू नये.

गोव्यात, बेळगावकडे बर्फ पडत नाही. पण पावसाचे चार महिने ओलाव्याचेच असतात. तिकडे जुनी गाडी पावसाळ्यात ठेवून द्यावयाची झाली, तर गोठण्याचा भाग वगळून हेच नियम लागू पडतात. कोळी पावसापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढून घेतात आणि झावळ्यांनी शाकारतात. त्यामागचे शहाणपण हेच आहे.

वसंत आला म्हणजे घाई करू नये. बोळा काढावा, ब्रेकचे तेल आणि नळ्या तपासाव्यात, स्पार्क प्लग काढून इंजिन हलकेच फिरवावे, म्हणजे ठिणगी पडण्याआधी तेल सर्वत्र पोचते. मगच गाडी सुरू करावी. साठ वर्षांपूर्वीची गाडी आजही रस्त्यावर दिसते, तेव्हा लोक तिच्या कारागिरीची वाहवा करतात. त्या वाहवेतला मोठा वाटा तिला अंधाऱ्या खोलीत योग्य रीतीने उभे ठेवणाऱ्या हातांचा असतो.