हजेरीपटात नसलेली मुले

(ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



सुट्टी संपली की आपण उन्हाळी वाचन उपक्रमाचा अहवाल लिहितो. ‘यंदा दोनशे मुलांनी भाग घेतला’ अशा धर्तीचे वाक्य त्यात असते आणि वार्षिक सभेत त्याला टाळ्याही मिळतात. माझे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले. त्यामुळे आकडा ऐकला की, ‘किती जणांपैकी?’ हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. समजा, परिसरात दोन हजार मुले आहेत. मग आपण दहांतील एकापर्यंतच पोहोचलो. उरलेली नऊ कोण, याविषयी अहवाल मौन बाळगतो.

असे उपक्रम अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. त्यांचे सामाजिक महत्त्व मात्र बार्बरा हाइन्स या समाजशास्त्रज्ञ विदुषींनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ठळकपणे पुढे आले. अटलांटा शहरातील सहावी-सातवीच्या सुमारे ३,००० मुलांची प्रगती त्यांनी शाळेचे दिवस आणि सुट्टी असे दोन भाग करून तपासली. गरीब व सुस्थित मुलांमधील अंतर प्रामुख्याने सुट्टीत वाढते, असे त्यांना आढळले. सुट्टीतल्या बौद्धिक वाढीत सार्वजनिक ग्रंथालयाचा वाटा इतर कोणत्याही सार्वजनिक संस्थेपेक्षा मोठा असतो, हा त्यांचा दुसरा निष्कर्ष. तेव्हा विषमतेला आळा घालणे हे या उपक्रमाचे एक प्रमुख प्रयोजन ठरते, आणि मोजमापही त्या प्रयोजनाला धरूनच व्हायला हवे.

प्रत्यक्षात आपण मोजतो ते जे मोजायला सोपे असते ते. नावे किती नोंदली, पुस्तके किती संपवली. ब्रिटनमध्ये १९९९ पासून चालू असलेल्या उन्हाळी उपक्रमात सहा पुस्तके वाचण्याचे उद्दिष्ट मुलांपुढे ठेवले गेले. असे उद्दिष्ट मुलांना उत्साह देते, यात शंका नाही. परंतु चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली दिलेला इशारा येथेही लागू पडतो: एखादे मोजमाप नियंत्रणासाठी वापरू लागले की त्याची विश्वासार्हता ढासळते. पुस्तकांच्या संख्येवर बक्षीस ठेवा, मुले पातळ पुस्तके शोधू लागतील. नोंदणीच्या संख्येवर ग्रंथपालाची पाठ थोपटा, तो सहज येणाऱ्या मुलांचीच नावे आधी लिहील.

याहून सूक्ष्म अडचण निवडीची आहे. अमेरिकेतील डॉमिनिकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००६ ते २००९ या काळात अशा उपक्रमांचा अभ्यास केला. सहभागी मुले सुट्टीनंतरच्या वाचनचाचणीत इतरांच्या पुढे होती. पण सुट्टीपूर्वीच्या चाचणीतही ती पुढेच होती. मग श्रेय उपक्रमाचे किती आणि मुलांच्या पूर्वतयारीचे किती? जी मुले वाचणारच होती ती आली आणि वाचून गेली, एवढ्यानेही अहवाल उजळून निघू शकतो.

मोजमाप नेटके केले तर काय घडते, याचे उदाहरण शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे आहे. विलंबशुल्क थकल्यामुळे पुस्तके मिळणे बंद झालेले सभासद कोण आहेत, हे तेथे शहराच्या भागांनुसार पाहिले गेले. दक्षिण भागात असे सभासद तिघांत एक होते, उत्तर भागात सहांत एक. निलंबित कार्डांपैकी जवळजवळ पाचांतले एक चौदा वर्षांखालील मुलाचे होते. २०१९ साली त्या ग्रंथालयाने विलंबशुल्कच रद्द केले. शहराचा एकच एकूण आकडा पाहिला असता तर ही भिंत दिसलीच नसती.

आपल्याकडे १९६७ च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे वर्ग पाडले जातात, त्यावर अनुदान ठरते, आणि त्या निकषांत ग्रंथसंख्येला व सभासदसंख्येला स्थान आहे. त्यामुळे बेरजा करण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. त्या बेरजा चालू द्याव्यात. त्यांच्या जोडीला या वर्षीपासून तीन गोष्टी नोंदवाव्यात, अशी माझी विनंती आहे. परिसरातील शाळांकडून मुलांची एकूण संख्या घ्यावी आणि ती आपल्या आकड्याच्या खाली लिहावी. आलेल्या मुलांची वस्ती नोंदवावी, म्हणजे कोणत्या गल्लीतून एकही मूल आले नाही ते कळेल. आणि त्या गल्लीत स्वतः जाऊन विचारावे: अनामत रक्कम परवडत नाही का, वेळ सोयीची नाही का, की धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मुलीला घरी राहावे लागते?

या कामाला एक वही पुरते, आणि चालण्याची तयारी. त्या वहीतला आकडा कदाचित लहान असेल, सभेत त्याला टाळ्याही मिळणार नाहीत. पण पुढच्या उन्हाळ्यात पुस्तकांची पेटी कोणत्या दारात न्यायची, हे मात्र त्याच वहीतून कळेल.