वाळवणाची शिदोरी



प्रवासांत पाठीवर जें ओझें आपण वाहतों, त्यांतलें बरेंचसें पाणीच असतें, ही गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. शिजलेल्या भाताच्या वजनाचा सुमारें दोनतृतीयांश भाग पाण्याचा. टोमॅटोंत तर शंभरांत ९४ भाग पाणी. तें वाटेवर मिळणार असेल, तर घरून कशाला न्यावें?

या विचारानें गेल्या वैशाखांत आम्हीं घरीं भात, वरण व भाज्या वाळवून बरण्यांत भरल्या, आणि मार्गशीर्षांत त्यांची परीक्षा घेण्यासाठीं आम्ही तिघे गोंदिया जिल्ह्यांतील सालेकसा तालुक्यांत गेलों. हा मुलूख १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. मुंबई-हावडा लोहमार्गावरील दरेकसा स्थानकावर उतरावें, हाजरा धबधबा पाहावा, आणि धनेगांवावरून कचारगडच्या गुहा गांठाव्या, असा दोन दिवसांचा पायीं बेत होता. माघी पौर्णिमेस गोंड समाजाची मोठी यात्रा कचारगडास भरते, तेव्हां येथें माणसांचा पूर लोटतो. एरवीं मात्र उपाहारगृहाची आशा धरूं नये.

अन्न नासविणारे जंतु ओलाव्यावांचून वाढत नाहींत, एवढेंच वाळवणाचें शास्त्र. पण नुसतें ऊन दाखवून भागत नाहीं. ऊन प्रखर आणि फोड जाड असली, कीं वरची साल आधीं कडक होते व आंतला ओलावा आंतच कोंडतो. म्हणून काप पातळ हवेत, वर मलमलीचें फडकें हवें, आणि वारा खेळता हवा. तेलातुपाची फोडणी वाळवणांत मुळींच घालूं नये. ती खवट होते. तेल लहान बाटलींत निराळें न्यावें. बरणी भरल्यावर आठवडाभर रोज हलवून पाहावी. कांचेवर आंतून धुकें दिसलें, कीं वाळवण पुन्हां उन्हांत. ही काळजी घेतल्यामुळें आमच्या बरण्यांनीं पावसाळा निभावून नेला.

पहिल्या रात्रीं गांवांतील एका ओसरीवर मुक्काम होता. शिजवून, मोकळा करून वाळविलेला भात उकळत्या पाण्यांत टाकला आणि भांडें घोंगडींत गुंडाळून ठेवलें. पंधरावीस मिनिटांत दाणा मऊ झाला. तुरीचें घोटलेलें वरण ताटांत पातळ पसरून वाळविलें होतें. त्याची भरड तर बघतां बघतां विरघळली. वांग्याचे काप चांगले फुगले. पालकाचा केवळ हिरवा रंग तेवढा उरला होता. अख्खे हरभरे मात्र, शिजवून वाळविलेले असूनहि, तासाभरानंतर दांतांशीं भांडतच राहिले.

तरी खरें आश्चर्य पोह्यांचें. धान भिजवावें, भाजावें, गरम असतांनाच कुटून चपटें करावें. ओलाव्यानें व उष्णतेनें दाण्यांतील पिष्ट आधींच शिजतें, म्हणून पोहे थंड पाण्यानेंहि मऊ होतात. चकचकीत पाकिटांतला झटपट भात याच तत्त्वावर बनतो. म्हैसूर येथें १९६१ सालीं स्थापन झालेली संरक्षण खात्याची अन्नसंशोधन प्रयोगशाळा सैनिकांसाठीं टिकाऊ शिधा तयार करण्यांत गुंतलेली होती. पण कांडप करणाऱ्या बायकांच्या मुसळाला हें तत्त्व केव्हांचेंच ठाऊक होतें. आणि गोंदिया तर भाताच्या गिरण्यांचें शहर!

दुसऱ्या दिवशीं जंगलांत आम्हीं चूल पेटविलीच नाहीं. पानगळ सुरू झाली, कीं तेथील पाचोळ्याला एक ठिणगी पुरते. मोहाचीं फुलें वेंचणें सोपें जावें म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यांतूनहि वणवे भडकतात. त्यांत हौशी प्रवाशानें भर घालूं नये. माझ्या मतें वनप्रवासाच्या शिदोरीची पहिली कसोटी वजनाची नाहींच. विस्तवावांचून ती कितपत खातां येते, ही आहे. पोहे व मेतकूट, सातूचें पीठ व गूळ, यांवर आमची दुपार उत्तम निभावली. ओझें घेऊन दिवसभर चालणाऱ्यास अडीच ते तीन हजार उष्मांक लागतात, आणि कोरड्या धान्यांत १०० ग्रॅमला सुमारें ३५० असतात. तेव्हां माणशीं रोज पाऊण किलोच्या आसपास कोरडा शिधा धरावा.

एका बाबतींत मात्र हयगय नको. थंड पाण्यांत भिजविलेलें अन्न त्या पाण्याइतकेंच शुद्ध असतें. झरा कांचेसारखा निर्मळ दिसला, तरी अतिसाराचे जंतु डोळ्यांना दिसत नाहींत. दुसऱ्या दिवसाचें पाणी आम्हीं रात्रींच उकळून भरून घेतलें होतें. शिवाय वाळवण एकदां भिजलें, कीं तें पुन्हां ताज्या अन्नासारखेंच नासूं लागतें. दोन तासांत संपवावें, सकाळचें उरलेलें सायंकाळीं तोंडांत घालूं नये. बरोबर मुलें किंवा वृद्ध असतील, तर हा नियम कडकपणें पाळावा.

येत्या वैशाखांत अख्ख्या हरभऱ्यांऐवजीं त्यांची भरड वाळवावयाची आहे. पालकाची जागा शेवग्याच्या पाल्याला देऊन पाहूं.