दुधातील गोडवा कोठून येतो?



साखर न घालताही दूध किंचित गोड लागते. हा गोडवा लॅक्टोज या दुग्धशर्करेचा. ती चाऱ्यातून येत नाही. गाईच्या रक्तातील ग्लुकोजपासून कासेतील ग्रंथींत तयार होते. कशी बरे?

१९६६ साली अमेरिकेत ब्रॉडबेक व एबनर या शास्त्रज्ञांनी ही शर्करा घडविणारे विकर अभ्यासले. प्रथिनांचे द्रावण त्यांनी जेलच्या बारीक कणांनी भरलेल्या उभ्या नळीतून सोडले. मोठे रेणू कणांना वळसा घालून लवकर उतरतात; लहान रेणू कणांच्या छिद्रांत रेंगाळून मागून येतात. अशी दोन प्रथिने वेगळी झाली. एकट्याने कोणालाच लॅक्टोज बनविता येईना. दोन्ही एकत्र करताच ते बनू लागले!

त्यांपैकी लहान प्रथिन म्हणजे अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन. ते दुधात असते हे पूर्वीच ठाऊक होते, त्याचे कार्य मात्र अज्ञात होते. ते स्वतः जोडणी करीत नाही. जोडीदाराला ग्लुकोज धरायला लावते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांवरील प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्या माद्यांचे दूध इतके घट्ट होते की पिलांना ते ओढता येईना. कारण दुधात पाणी खेचून आणते ते लॅक्टोजच.

पालकहो, मूल "हे कशासाठी?" असे विचारील, तेव्हा "परीक्षेला नाही" म्हणून त्याला गप्प बसवू नका. मित्रहो, ज्याचे काम अद्याप कळले नाही, त्याला निरुपयोगी ठरविण्याची घाई करू नका. वर्गातील अबोल सोबत्यालाही हाच न्याय लावा.