चांगला हात बांधून का ठेवतात?

आजचा विषय घरातला आहे.

माझ्या आत्याच्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला. घरी आल्यावर आम्ही तिला काही करूच दिलं नाही. घास भरवायचो, वेणी घालायचो. तीन महिन्यांनी फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी मिळून या हाताला रजेवर पाठवलंय!"

त्या असं का म्हणाल्या? एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले होते. एका हाताच्या संवेदनेच्या नसा तोडल्या, की माकड तो हात वापरणंच सोडायचं. पण चांगला हात अडकवून ठेवला, की तोच 'निकामी' हात कामाला लागायचा. म्हणजे हात हलू शकत होता. न वापरण्याची सवय लागली होती.

यातूनच माणसांसाठी उपचार तयार झाला. चांगल्या हातात जाड मोजा घालायचा, आणि कमजोर हाताकडून रोज काही तास कामं करून घ्यायची. 2006 साली अमेरिकेतल्या 222 रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. स्ट्रोकला 3 ते 9 महिने झालेली ही माणसं. जागेपणीचा बहुतेक वेळ मोजा, फक्त 2 आठवडे. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा हात जास्त सुधारला, आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता.

पण थांबा, लगेच मोजा शोधायला जाऊ नका! मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येत असतील तरच हे जमतं. शिवाय तोल जात असेल तर धोका. म्हणून आधी थेरपिस्टला विचारा.

आणि घाईही नको. 2015 मध्ये पाच देशांतल्या 2104 रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्ट्रोकनंतर पहिल्या 24 तासांतच ज्यांना उठवून खूप व्यायाम दिला, त्यांच्यात तीन महिन्यांनी चांगले बरे झालेले उलट थोडे कमी निघाले. व्यायामही औषधासारखाच. डोस आणि वेळ डॉक्टरांनी ठरवायची.

मग घरी आपण काय करायचं? शेंगदाणे एकेक उचलून वाटीत टाकणं, टॉवेलची घडी, खुर्चीवरून उठणं-बसणं. डॉक्टरांनी परवानगी दिली की चालणं. बोलता येईल इतपतच दम लागू द्यायचा. एक मात्र कधीच करू नका: उठवताना लुळा हात ओढू नका, खांदा दुखावतो.

आणि सगळ्यात अवघड व्यायाम आपला: मदत न करता शेजारी बसून राहणं.

आत्या आता मटार सोलते. एका शेंगेला मिनिटभर लागतं. मधूनच मी हात पुढे केला, की म्हणते, "राहू दे रे, माझं मी करते."

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर हा भाग घरच्यांना नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!