धडगावात जन्म, शहाद्यात बाळंतपण

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दिवस गेलेल्या बाईला काट्यावर उभं केलं की पहिला प्रश्न एकच असतो : वजन कमी तर नाही ना? प्रश्न रास्त आहे. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवर अर्धपोटी राहून नऊ महिने काढणाऱ्या बाया आजही आहेत. त्यांना दिवसातून एकदा चौरस जेवण मिळावं म्हणून 2015 साली राज्यात अमृत आहार योजना सुरू झाली. मग अशा जिल्ह्यात लठ्ठपणावर कशाला बोलायचं? मी म्हणते, इथे तर आधी बोलायला हवं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. आया सडपातळ, सरासरी 42 किलोच्या. बाळं सरासरी 2.7 किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे 800 ग्रॅमनी हलकी. नवल पुढेच आहे. या बाळांचे स्नायू कमी भरले होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीकडे झुकलेलं बाळ.

अशीच एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. धडगावच्या पाड्यावर जन्मली, जन्मतःच हलकी. शिकली, शहाद्यात संसार थाटला. डोंगर चढणं संपलं, भगर-मोर या भरड धान्यांची भाकरी सुटली, चहा-बिस्किटं आणि वडापाव आले. जपून खर्च करायला शिकलेलं शरीर आता साठवत सुटतं. तिला दिवस जातात तेव्हा घरात सगळे खूश असतात : पोरगी भरली! त्यातच सासू मायेनं म्हणते, "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा."

त्या मायेला माझा नमस्कार. पण जास्तीच्या वजनामुळे गरोदरपणात साखर वाढण्याचा आणि रक्तदाब चढण्याचा धोका वाढतो. सिझेरियनची वेळ अधिक येते, टाके पिकतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते आणि बाळ प्रमाणाबाहेर वाढतं. जन्मताना त्याचा खांदा अडकू शकतो. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा अचानक थांबतो, बाळाचं इन्सुलिन मात्र जोरातच असतं. म्हणून पहिल्या काही तासांत त्याची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. अशा बाळाला लगेच अंगावर पाजावं लागतं, आणि नेमकं जाड आईला दूध यायला कधी कधी उशीर होतो. ताईंनो, हा तुमचा दोष नाही. पाजायला मदत मागा.

जाड म्हणजे किती जाड? आपल्या लोकांसाठीचं माप कडक आहे. दीडशे सेंटीमीटर उंचीच्या बाईचं दिवस जाण्याआधीचं वजन 56 किलोच्या वर असेल, तर डॉक्टर तिला लठ्ठ धरतात. आपल्या डोळ्यांना ती नुसती अंगानं बरी दिसते.

एक कळकळीची विनंती. गरोदरपणात वजन उतरवण्यासाठी उपास करू नका, जेवण तोडू नका. भाकरी, डाळ, भाजी, अंडी भरपूर खा. साखर, तळण आणि बाटलीतली पेयं कमी करा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज अर्धा तास चाला. डिंकाच्या लाडवांचा डबा संपवायलाच हवा असं नाही.

आणि साखर तपासा. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर उपचार सुरू. उपाशीपोटी जायची गरज नाही. पहिल्याच भेटीत तपासा, आणि ठीक निघाली तरी सहाव्या महिन्यात पुन्हा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. घाटातून रात्री झोळीत घालून बाईला खाली आणायचं किती अवघड, हे तुम्हाला मी सांगायला नको. रक्तदाब आणि साखर आधी कळली, तर ती दिवसाउजेडी, स्वतःच्या पायांनी जीपमध्ये बसून नंदुरबारला येऊ शकते.

उद्या गरोदरपणाचं कार्ड काढाल तेव्हा वजनाबरोबर उंचीही लिहून घ्या. आशाताईला तसं सांगा.