यवतमाळचा मतदार आणि त्याचा कापूस

मतदारसंघ म्हटला कीं पक्ष, उमेदवार आणि मतांची बेरीज एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु मतदारसंघ म्हणजे मुळांत माती, माणसें आणि त्यांचे उद्योग. त्या दृष्टीनें आज यवतमाळ जिल्ह्याकडे पाहूं.

जिल्ह्याचें क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर, तालुके १६ आणि २०११ च्या शिरगणतीप्रमाणें लोकवस्ती २७,७२,३४८. एवढा विस्तार असूनही सबंध जिल्ह्याचा असा एक खासदार नाहीं. २००८ सालच्या पुनर्रचनेनें विधानसभेचे येथील सात मतदारसंघ लोकसभेसाठीं तीन ठिकाणीं वांटले गेले. यवतमाळ, राळेगांव, दिग्रस व पुसद हे चार, शेजारच्या वाशीम व कारंजा यांसह, यवतमाळ-वाशीम मतदारसंघांत आले. वणी व आर्णी चंद्रपुराकडे गेले, उमरखेड हिंगोलीकडे.

अशा वांटण्या या मुलखाला नव्या नाहींत. १८५३ सालीं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. हा जिल्हा आरंभीं वणीच्या नांवानें ओळखला जाई. १९०५ सालीं त्याला यवतमाळ हें नांव मिळालें व पुसद तालुका त्यास जोडला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभीं यवतमाळहून मूर्तिजापुरास अरुंद रुळांची आगगाडी निघाली. लोक तिला प्रेमानें 'शकुंतला' म्हणत. ती मुख्यतः येथील कापूस बाहेर नेण्यासाठीं होती. आज ती बंद आहे. कापूस मात्र अजूनही बाहेरच जातो.

येथील मतदार केवळ ओझें वाहणारा राहिलेला नाहीं. जुलै १९३० मध्यें वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद भागांत जंगल-सत्याग्रह केला, तेव्हां गवताच्या पेंढीवरील हक्काचा प्रश्न साऱ्या प्रांतानें ऐकला. पुसद तालुक्यांतील गहुली या लहानशा गांवचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. गोंड, कोलाम, आंध, बंजारा, कुणबी अशा नाना समाजांचें हें घर आहे. शेकडा १८ हून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत.

आतां उद्योगांचें पाहूं. वणीच्या भूमींत दगडी कोळसा आहे, जंगलांत सागवान आहे, आणि यवतमाळजवळ लोहारा येथें डेनिम कापडाचा मोठा कारखानाही आहे. पण बहुतेक ठिकाणीं धंदा सरकी काढून रुईच्या गठाणी बांधण्यापाशींच थांबतो. सूत, कापड आणि शिवलेला कपडा यांत जो नफा वाढत जातो, तो इतरांच्या पदरीं पडतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वांट्याला पाऊस, बोंडअळी आणि कर्ज येतें. १९७२ सालीं सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. तिनें कांहीं काळ आधार दिला, पण पुढें तीही मोडीत निघाली. १९ मार्च १९८६ रोजीं चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानें सहकुटुंब जीवनाचा अंत केला. त्यानंतर अशा किती घरांचे दिवे मालवले!

म्हणून, श्रोतेहो, मत मागावयास येणाऱ्यास जात वा गांव विचारूं नये. एकच विचारावें: 'आमच्या कापसाचें सूत आमच्या तालुक्यांत केव्हां निघेल?' लोकसभेसाठीं जिल्हा तीन ठिकाणीं वांटला गेला असला, तरी हा प्रश्न तिन्ही ठिकाणीं एकाच आवाजांत विचारण्यास कोणाची आडकाठी आहे?