मागून घंटी वाजते तेव्हा

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पुण्यातील शिबिरात केलेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर पोटगी, रेशन, घरातली मारहाण असे विषय असताना मध्येच ‘सायकल आणि पायी चालणारी बाई’ हे वाचून काहीजणी हसल्या, ते मी पाहिलं. हसायला हरकत नाही. पण हा विषय मी मुद्दाम मागून घेतला आहे. गेल्या वर्षी आमच्या वस्तीतला एक बचत गट जवळजवळ फुटला होता. पैशांच्या अफरातफरीवरून नव्हे की जातीवरूनही नव्हे. तो फुटायला आला होता फूटपाथशेजारच्या पाच फुटी पट्ट्यावरून.

गटातल्या दोघीजणी. एक पोळ्यांची कामं करते, सकाळी साडेसहाला सायकल काढते आणि पाच घरं उरकून बाराला परत येते. दुसरी धुण्याभांड्याची कामं करते, पायी जाते. पहिलीला सायकलमुळे दोन घरं जास्त मिळाली आहेत. बसची वाट पाहत बसली असती तर ती मिळाली नसती. दुसरी त्या दिवशी सायकलच्या पट्ट्यावरून चालत होती, कानाला फोन. कामाच्या घरून विचारणा होत होती, अजून कशी आली नाहीस म्हणून. मागून घंटी वाजली. ही दचकून उजवीकडे सरकली, आणि नेमकी उजवीकडूनच सायकल येत होती. दोघी पडल्या. चालणारीचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. भांडी घासणाऱ्या बाईचं मनगट म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको. पहिल्या पंधरवड्यातच दोन घरांनी दुसरी बाई लावली.

पुढच्या बैठकीत दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या. “मी घंटी वाजवली होती,” एक म्हणाली. “मी काय रस्त्याच्या मधून चालत होते का?” दुसरी म्हणाली. बाकीच्या बायका दोन बाजूंना वाटल्या गेल्या. निवाडा द्या, असा सगळ्यांचा माझ्याकडे आग्रह.

मी निवाडा दिला नाही. आम्ही सगळ्याजणी उठून त्या जागेवर गेलो. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात याला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण मुळात ते जाऊन बघणंच. तिथे काय दिसलं? फूटपाथ आहे, पण त्याची कड गुडघ्याला आलेली. रस्त्यांच्या मानकांप्रमाणे, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी-मार्गदर्शिकेप्रमाणे, ही कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच असू नये आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. इथे मधोमध विजेची डीपी, पुढे एका दुकानाची पायरी, त्यापुढे चेंबरचं झाकण फुटलेलं. गुडघे दुखणारी, साडी नेसलेली, हातात पिशवी असलेली बाई तिथून चालेलच कशी? ती शेजारच्या सपाट, ब्लॉक बसवलेल्या सायकलच्या पट्ट्यावर उतरते. त्या पट्ट्यावरही एका मोटारीचं नाक आलेलं, आणि त्यापुढे दोन स्कूटर उभ्या. म्हणजे पाच फुटांतले अडीच फूट उरले. त्या अडीच फुटांत सायकलवाली आणि चालणारी.

हे आधी सांगते, कारण नाहीतर रीतभातीबद्दल मी पुढे जे बोलणार आहे ते उपदेशासारखं वाटेल. रस्त्याचा मोठा हिस्सा मोटारींना देऊन झाल्यावर जे उरतं त्यात दोन गरीब बायका एकमेकींवर आदळतात, आणि आपण विचारतो, चूक कुणाची?

पण म्हणून रीतभात बिनमहत्त्वाची ठरत नाही. रस्ता सुधारायला वर्षं लागतील, आणि उद्या सकाळी साडेसहाला दोघींना त्याच पट्ट्यावरून जायचं आहे.

आता घंटीबद्दल. यावर आमच्या गटात सगळ्यात जास्त बोलणं झालं, आणि मला स्वतःला ते सगळ्यात मोलाचं वाटलं. मी विचारलं, घंटी वाजल्यावर तुम्ही काय करता? एकजण म्हणाली, “बाजूला होते.” कुठल्या बाजूला? “ते काय ठरवून होतं का? अंगात धस्स होतं आणि पाय हलतात.” मग एकेक बोलू लागली. शाळेत असताना मागून सायकलवर पोरं यायची, कानाजवळ घंटी वाजवायची, ओढणी ओढून पुढे निघून जायची. कुणाला धक्का मारला होता, कुणाच्या पाठीवर थाप. पन्नाशीच्या बाईलासुद्धा हे आठवत होतं. मागून आलेली घंटी म्हणजे ‘मी येतोय, सांभाळा’ एवढीच सूचना, असं ज्यांना वाटतं त्यांनी बाईच्या पाठीने कधी रस्ता चाललेला नाही. ज्या अंगाला मागून येणाऱ्या आवाजाचं भय लहानपणापासून शिकवलं गेलं, ते अंग घंटी ऐकून दचकणारच, आणि दचकलेला माणूस कुठल्या बाजूला जाईल याचा नेम नसतो.

आणि कानातल्या त्या वायरी? “आजकालच्या मुली, कानात बोळे घालून चालतात,” हे वाक्य आपल्यातल्याही पुष्कळजणी म्हणतात. आमच्या वस्तीतली कॉलेजला जाणारी एक मुलगी म्हणाली, “ताई, पुष्कळदा गाणं लावलेलंच नसतं. कोपऱ्यावरची मुलं बोलतात ते ऐकू आलं नाही असं दाखवता येतं म्हणून घालते.” मी यावर बराच वेळ विचार करत होते. पडदा म्हणून वापरलेली ती वायर आहे. आणि फोनवर बोलत चालणारी बाई? तिचा फोन म्हणजे बहुधा कामाचं घर, मुलाची शाळा, दवाखान्यात पडलेली सासू. घरात निवांत बोलायला जागा नाही, वेळ नाही. ती चालते तेवढाच तिचा मोकळा वेळ. पुरुष टपरीवर उभा राहून तासभर फोनवर बोलू शकतो. बाई रस्त्यात उभी राहिली की लोक वळून बघतात, म्हणून ती चालता चालता बोलते.

कारण कळलं म्हणून धोका मात्र कमी होत नाही. थोडा हिशेब करू. पोळ्यांच्या कामाला निघालेली बाई साधारण ताशी १५ किलोमीटरने सायकल हाकते, म्हणजे सेकंदाला चार मीटर. चालणारी सेकंदाला सव्वा मीटर. घंटी तीन मीटरवर वाजवली तर गाठ पडायला जेमतेम एक सेकंद. एका सेकंदात माणूस दचकू शकतो, विचार करू शकत नाही. तीच घंटी दहा मीटरवर, म्हणजे दोन-अडीच मोटारींच्या लांबीइतक्या अंतरावरून वाजवली, तर तीन सेकंदांहून जास्त मिळतात. मान वळवून बघायला तेवढे पुरतात. म्हणून आमच्या सायकलवाल्या मैत्रिणींनी ठरवलं की घंटी लांबून वाजवायची, दोनदा, हलकी. कानाशी कधीच नाही. ती वळली नाही तर ऐकू गेलं नाही असं धरायचं. कान बंद असतील, कदाचित बहिरीही असेल. तेव्हा सायकलचा वेग चालण्याइतका करायचा आणि तोंडाने सांगायचं, “ताई, उजवीकडून येते हं.” बाईचा आवाज ओळखू आला की निम्मी भीती जाते. हे आम्ही करून पाहिलं आहे. शाळा सुटण्याच्या वेळी, भाजीवाल्यांपाशी, बसथांब्याजवळ खाली उतरून सायकल हातात धरून चालायचं. दोन मिनिटं जास्त लागतात.

यावर एकीने रागाने विचारलं होतं, “सगळं आम्हीच करायचं का? पट्टा तर सायकलचा आहे.” खरं आहे, पट्टा सायकलचा आहे. पण जी वेगात आहे तिच्या हातून इजा होते, म्हणून जास्त सांभाळायचं तिने. मोटारवाल्याला आपण हेच सांगत आलो ना? मग आपण दोन चाकांवर बसलो की नियम उलटा कसा होईल? म्हाताऱ्या बाईचं खुब्याचं हाड मोडलं तर ती पुष्कळदा पुन्हा पूर्वीसारखी चालत नाही, आणि तिचं सगळं करायला कोण घरी बसतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. बहुतेक घरांत ती सूनच असते.

चालणाऱ्यांनीही काही कबूल केलं. एक कान उघडा ठेवायचा. महत्त्वाचा फोन आला तर कडेला, भिंतीला पाठ लावून उभं राहून बोलायचं. लोक बघतात तर बघू देत, हळूहळू त्यांनाही सवय होईल. चौघीजणी हात धरून पट्टाभर पसरायचं नाही. मूल बरोबर असेल तर त्याला पट्ट्याच्या बाजूला नाही, आतल्या बाजूला धरायचं. घंटी ऐकली तर उडी मारायची नाही, आहे त्या रेषेत चालत राहायचं, सायकलवाली वळून जाईल. हे शेवटचं सांगायला सोपं, अंगवळणी पडायला अवघड. आम्ही वस्तीच्या मैदानावर त्याचा सराव घेतला, चक्क सायकली आणून. खूप हसलो. ज्या दोघींचं भांडण होतं त्याही आल्या होत्या. बोलल्या नाहीत, पण आल्या.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. अशी टक्कर झाली की लगेच मागणी येते, सायकली बंद करा. कुणी ज्येष्ठ नागरिक म्हणतात, कुणी सोसायटीवाले. त्यांची भीती खोटी नाही. पण सायकल बंद झाली तर घरी कोण बसणार? १९९१-९२ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेचा भाग म्हणून हजारो बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तेव्हा जिल्हाधिकारी होत्या. लेडीज सायकली पुरल्या नाहीत तेव्हा बायकांनी दांडीच्या सायकली घेतल्या. टोमणे खाल्ले, पण बाजार, पाणी, शेत, सगळं त्यांच्या टप्प्यात आलं. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या गेल्या. आपलं पुणं तर सायकलींचंच शहर. बिल्ला, डायनॅमोचा दिवा, डबलसीट बसलं म्हणून झालेला दंड, हे सगळं आमच्या आईच्या पिढीच्या बोलण्यात अजून येतं. आता स्कूटर घेणं परवडत नाही अशाच बाईच्या हाती सायकल उरली आहे, किंवा मग पहाटे हेल्मेट घालून व्यायामाला निघणाऱ्यांच्या. त्या मंडळींनाही, थवा करून ‘साइड, साइड’ ओरडत जाणं बरं नव्हे, हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि फूटपाथवर खरी दहशत आहे ती मोटारसायकलींची. सिग्नल लागला की सरळ वर चढतात. कायदा यावर संदिग्ध नाही. फूटपाथवर आणि सायकलच्या मार्गावर मोटार वाहन चालवायला मनाई १९८९ च्या नियमांपासून आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फूटपाथ मिळणं हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि राज्यांना त्याबद्दल धोरण करायला सांगितलं. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडाही मंजूर केला होता. कागद भरपूर आहेत. पण उपाय करतानाही बघावं लागतं. दुचाकी चढू नयेत म्हणून फूटपाथच्या तोंडाशी खांब रोवतात, आणि चाकाच्या खुर्चीवरची बाई बाहेरच राहते. डिलिव्हरीच्या पोरांना मिनिटं मोजून हाकलणारे मालक वेगळेच असतात, आणि दंड पोराला होतो, हेही विसरू नये.

तर काम काय? पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून. आम्ही आमच्या पट्ट्याचं मोजमाप टेपने घेतलं आहे, डीपी हलवण्याचा आणि कड उतरवण्याचा अर्ज तयार आहे. मनगट मोडलेल्या मैत्रिणीने पहिली सही केली. दुसरी सही सायकलवालीची आहे. अजून फार बोलत नाहीत दोघी, पण सकाळी वाटेत गाठ पडली की ती लांबून दोनदा घंटी वाजवते आणि ही हात वर करते, एवढं मी पाहिलं आहे.

तुमच्या तुमच्या वस्तीतही टेप घेऊन जा. कोऱ्या अर्जाचा नमुना मी बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. मोजताना कुणाला सोबत लागली तर चहाच्या वेळी मला गाठा. शनिवारी दुपारी मी मोकळी असते.